अकार्यक्षम तुकडी (युद्धखेळ)

पटावरील युद्धखेळात नष्ट न झालेल्या, परंतु लढण्याच्या स्थितीत नसलेल्या तुकडीला अकार्यक्षम तुकडी म्हणता येते. बुद्धिबळात मोहरे पटावर असते किंवा नसते. युद्धखेळात या दोहोंमधील अवस्थाही असते. अशी तुकडी काय करू शकते, याबाबत नियम संदिग्ध असल्यास त्याच्या अर्थावर डावाचा निकाल अवलंबून राहू शकतो.

प्रशियात राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या क्रीग्सश्पील या खेळात हानी फासे व तक्ते यांच्या आधारे ठरत असे आणि खेळ पंच चालवीत असे. १८७६ मध्ये फेर्दी द्यू फेर्नोआ यांनी तक्त्यांऐवजी पंचाच्या अनुभवावर भर दिला. घरी खेळणाऱ्या दोघांजवळ मात्र पंच नसतो. त्यामुळे पुढील काळातील खेळांत हा भार नियमांतील शब्दांवर आला.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अ‍ॅव्हलॉन हिलचा अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वाड लीडर (१९८५). जॉन हिल यांच्या १९७७ मधील स्क्वाड लीडरवर तो आधारलेला आहे. मनोधैर्याच्या चाचणीत दोन फाशांची बेरीज तुकडीच्या मनोधैर्यांकापेक्षा अधिक आली, की तुकडी 'ब्रोकन', म्हणजे खचलेली, ठरते व तिची सोंगटी उलटवली जाते. ती गोळीबार करू शकत नाही. शत्रू शेजारी असल्यास तिला माघार घ्यावी लागते आणि ते अशक्य असल्यास ती नष्ट होऊ शकते किंवा कैद होते. मनोधैर्यांक ७ असल्यास सावरण्याची शक्यता ३६ पैकी २१ असते. 'डेस्परेशन मोराल' या अवस्थेत बेरजेत ४ मिळवावे लागत असल्याने ती ३६ पैकी ३ वर येते (नायक व आडोसा यांचा परिणाम यात धरलेला नाही).

'खचलेली' या शब्दाचा रोजच्या व्यवहारातील अर्थ येथे उपयोगी पडत नाही. म्हणूनच या खेळात 'गुड ऑर्डर' ही व्याख्या स्वतंत्रपणे दिलेली आहे. 'पिन्ड', म्हणजे माऱ्यामुळे जागीच खिळलेली, तुकडी गुड ऑर्डरमध्ये मोडते. खचलेली तुकडी मोडत नाही. इमारतीचा ताबा मिळवण्यासाठी गुड ऑर्डरमधील पायदळ लागते, परंतु एकदा मिळालेला ताबा तुकडी खचल्याने आपोआप जात नाही. शत्रूला तो रीतसर मिळवावा लागतो. शेवटच्या फेरीतील अनेक वाद मिळवणे व राखणे यांतील हा भेद विसरल्याने होतात. तसेच 'इमोबिलाइज्ड' रणगाडा हलू शकत नसला, तरी त्याची तोफ चालू शकते.

संदिग्ध जागी या खेळाचे खेळाडू 'काउट्रा' हे तत्त्व वापरतात: नियम ज्याची परवानगी देतात, त्यावरच लक्ष ठेवावे. 'मनाई कोठे लिहिली आहे?' हा युक्तिवाद त्यानुसार ग्राह्य ठरत नाही. मात्र नियमांतील दोन वाक्येच परस्परविरोधी असतील, तर हे तत्त्व अपुरे पडते. तेव्हा प्रकाशकाचे अधिकृत स्पष्टीकरण पाहावे लागते.

ही व्याख्या दुसऱ्या खेळाला लावता येत नाही. बॅटलटेकमध्ये (१९८४) पडलेले किंवा त्या फेरीत न हललेले यंत्र 'अचल' ठरत नाही. चालक बेशुद्ध असल्यास किंवा यंत्र बंद पडल्यास ते अचल ठरते आणि त्यावर नेम धरणाऱ्यास ४ गुणांची सवलत मिळते.