कुंडीतील लागवड

कुंडीतील लागवड : जमिनीऐवजी कुंडी, पेटी, पिंप इ. पात्रांत माती भरून झाडे वाढविण्याची पद्धत. गच्चीवर, सज्जात व फरसबंदी अंगणात ती विशेष उपयुक्त ठरते. मुळांना मिळणारी जागा, पाण्याचा साठा व निचरा या तिन्ही गोष्टी मातीच्या खोलीवर अवलंबून असल्याने झाडाची निवड खोली पाहूनच करावी लागते.

निचरा : जमिनीतील जादा पाणी खालच्या थरांकडे ओढले जाते. कुंडीत मातीचा स्तंभ तळाशी खंडित झालेला असतो. त्यामुळे छिद्रातून पाणी गळणे थांबल्यावरही केशाकर्षणामुळे तळाचा थर संपृक्त राहतो. या थराची जाडी कुंडीच्या उंचीवर नव्हे, तर मुख्यतः मातीच्या पोतावर ठरते. उदा., हा थर ५ सेंमी. असल्यास १० सेंमी. खोल मातीचा निम्मा भाग हवारहित होतो, ३० सेंमी. खोल मातीचा केवळ एकषष्ठांश. उथळ कुंडीतील झाडांची मुळे पावसाळ्यात कुजतात, ती यामुळेच. तळाशी खडे भरल्याने निचरा सुधारत नाही. संपृक्त थर तेवढा वर सरकतो व मुळांची जागा घटते. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर खापराचा एखादा तुकडा ठेवणे पुरेसे असते.

माती : महाराष्ट्रातील काळी माती ओली झाल्यावर फुगते व वाळल्यावर आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते; म्हणून ती एकटी वापरू नये. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे समभाग मिश्रण सामान्यतः योग्य ठरते.

झाडांची निवड : कोथिंबीर, मेथी, पालक व चिनी गुलाब यांना सु. १५ सेंमी. खोली पुरते. तुळस, मिरची, झेंडू व शेवंती यांना २० ते २५ सेंमी., तर टोमॅटो, वांगे, गुलाब, मोगरा व जास्वंद यांना ३० ते ४५ सेंमी. खोली लागते. कागदी लिंबू, डाळिंब व अंजीर यांसाठी ४५ ते ६० सेंमी. खोलीचे पात्र घ्यावे. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावल्यास न वापरलेले पाणी मातीत साचून राहते. त्यामुळे रोपाच्या वाढीनुसार टप्प्याटप्प्याने कुंडी बदलणे इष्ट असते.

वजन : खोली वाढविण्यास गच्चीच्या भारक्षमतेची मर्यादा पडते. ३० सेंमी. जाडीच्या ओल्या मातीचे वजन दर चौ. मी.स सु. ५०० किग्रॅ. भरते. वावरासाठी खुल्या सपाट छताकरिता भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागाच्या १९८७ च्या आवृत्तीत दर चौ. मी.स १·५ किलोन्यूटन, म्हणजे सु. १५० किग्रॅ. चल भार धरला आहे. त्यामुळे सलग वाफे करण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक असते. जड कुंड्या तुळईच्या किंवा भारवाही भिंतीच्या रेषेवर विखरून ठेवतात व मिश्रणात काथ्याच्या भुश्याचे प्रमाण वाढवितात.

निगा : उथळ व सच्छिद्र मातीच्या कुंड्या उन्हाळ्यात लवकर कोरड्या पडतात, त्यांना दिवसातून दोनदाही पाणी द्यावे लागते. वारंवारच्या पाण्याबरोबर पोषक द्रव्ये वाहून जात असल्याने खत थोडे थोडे, परंतु नियमितपणे देतात.