अंगणातली चूल, गच्चीवरची शेगडी: समजुती आणि वस्तुस्थिती

घराबाहेर स्वयंपाक करण्यासाठी चूल घ्यावी, शेगडी घ्यावी की बार्बेक्यू, हा प्रश्न खरे तर दुसरा आहे. घरात जळतन कोणते येते, हा पहिला. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जंगलाचे जिल्हे म्हणून ओळखले जात असले, तरी जळतनाच्या बाबतीत ते एकसारखे नाहीत. राजुरा, कोरपना, वरोरा या काळ्या मातीच्या कापूसपट्ट्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात. बल्लारपूर, घुग्घूस, चंद्रपूर या खाणींच्या शहरांत दगडी कोळशाची शेगडी पेटते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडची धानपट्टी आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली लाकडावर चालतो. पऱ्हाट्यांसाठी केलेल्या चुलीचे तोंड रुंद लागते, कारण त्या भराभर जळतात आणि सारख्या सारायला लागतात. तिच्यात जाड ओंडका घातला तर अर्धी उष्णता तोंडातूनच बाहेर पडते. दुकानातले साधन कितीही देखणे असले तरी ते कोणत्या जळतनासाठी घडवले आहे हे विचारल्याशिवाय त्याची किंमत विचारण्यात अर्थ नाही.

जंगलातले लाकूड फुकट, ही समजूत हिशेबाला टिकत नाही. पारंपरिक चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच गंजापर्यंत पोचते. एक किलो वाळक्या लाकडात सुमारे १६ मेगाज्यूल उष्णता धरली, तर कामाला येते ती जेमतेम २ मेगाज्यूल. स्वयंपाकाच्या गॅसच्या एका किलोत सुमारे ४६ मेगाज्यूल असतात आणि चांगल्या शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ३१ मेगाज्यूल भांड्याला मिळतात. ढोबळमानाने १४.२ किलोचे एक घरगुती सिलिंडर साध्या चुलीतल्या सव्वादोनशे किलो लाकडाची बरोबरी करते. एवढ्या मोळ्या डोक्यावरून आणायच्या, आणि त्याही ताडोबाच्या भोवतालच्या किंवा ब्रह्मपुरी वनविभागाच्या जंगलातून, जिथे सरपण आणि मोहफुले वेचणाऱ्यांवर वाघाचे हल्ले झाले आहेत. त्या लाकडाला फुकट म्हणणे कठीण आहे. व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांना अनुदानावर गॅस देणारी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ मध्ये आली, तिच्यामागे हाच विचार होता. पुढच्या वर्षी उज्ज्वला योजना देशभर सुरू झाली.

तरीही गॅस आला की चूल जाते, असे घडत नाही. आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, लग्नातला भात यांसाठी चूल पेटतेच, आणि त्यात चुकीचे काही नाही. उपड्या मडक्यावर भाजायच्या लांब रोट्यांना मडक्याचा सगळा घुमट तापवणारा जाळ लागतो. गॅसच्या बर्नरचे छोटे कडे मडक्याला एकाच जागी तापवते. रोटी मध्ये करपते, कडेला कच्ची राहते आणि मडके तडकण्याची भीती वेगळी. पळसाच्या पानांत थापलेल्या पानग्यांना गोवरीचा मंद, दीर्घ निखारा मानवतो. त्यामुळे एकच साधन सगळ्या कामांना पुरेल ही अपेक्षाच सोडून द्यावी लागते. रोजच्या कामाला एक आणि वर्षातल्या मोजक्या मोठ्या कामांना दुसरे, अशी विभागणी या भागात पूर्वीपासून आहे.

‘वाळले ते सरपण’ हेही अर्धेच खरे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. ते आधी वाफ होऊन जाते, आणि त्यातच बरीचशी उष्णता खर्ची पडते. वरून वाळलेले दिसणारे जाड लाकूड आत ओलेच असते, म्हणून ते फाडून, पावसाळ्याआधी दोन-तीन महिने जमिनीपासून उंच रचून ठेवावे लागते. जातीजातींत वजनाच्या मानाने उष्णतेचा फरक थोडा असतो. धावडा किंवा ऐन जास्त वेळ निखारा धरतो, कारण ते लाकूड घट्ट आहे. बांबू लवकर पेटतो, पण त्याची बंद पेरे तापून आतल्या हवेने आणि वाफेने फटाक्यासारखी फुटतात. जाळायचाच तर चिरून जाळावा. बिब्ब्याच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. त्याच्या चिकाने कातडी उतते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण लाकडाच्या धुरानेही चेहरा आणि डोळे सुजू शकतात हे पुष्कळदा विसरले जाते. रंग दिलेल्या फळ्या आणि प्लायवूडचे तुकडे अन्नाखाली जाळू नयेत, एवढे सांगून पुरे.

निर्धूर चूल म्हणजे धूर नसलेली चूल नव्हे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि सुमारे दोन दशके चालला. महाराष्ट्रात त्यातून लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अशा चुली कुंभारांमार्फत घरोघर गेल्या. धुराड्याची चूल धूर कमी करते असे नाही, ती तो डोक्यावरून बाहेर नेते. धुराडे काजळीने भरले की चूल धूर पुन्हा तोंडातून ओकू लागते, आणि पुष्कळ ठिकाणी साफसफाईअभावी तेच झाले. अंगणात धुराड्याचा उपयोग मर्यादित असतो. तिथे ज्वलन सुधारणारी चूल जास्त कामाची. सुधारित चुलींच्या भारतीय मानकात नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या चुलीसाठी किमान २५ टक्के आणि पंख्याने हवा देणाऱ्या चुलीसाठी ३५ टक्के कार्यक्षमता मागितली आहे. म्हणजे साध्या चुलीच्या साधारण निम्मे किंवा त्याहून कमी लाकूड. पण पंख्याच्या चुलीला लाकडाचे बोटाएवढे तुकडे करून द्यावे लागतात, आणि हे काम रोज कोण करणार याचे उत्तर घरात नसेल तर ती चूल महिन्याभरात माळ्यावर जाते.

बाहेर उघड्यावर धुराची चिंता नको, ही समजूत सर्वांत पक्की बसलेली आहे. मोकळ्या हवेत धूर पांगतो हे खरे, पण फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकापर्यंत तो पांगण्याआधीच पोचतो. तीन बाजूंनी तट्टे लावून वर पत्रा टाकलेली पडवी ‘बाहेर’ या शब्दाला जागत नाही. चंद्रपूरला तर बाहेरची हवाही निर्मळ नाही: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात हा औद्योगिक परिसर देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत गणला गेला होता, आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही चंद्रपूर शहर आहे.

धुरापेक्षा घातक गोष्ट मात्र धूर संपल्यावर सुरू होते. दगडी कोळशाची शेगडी अंगणात पेटवायची, पिवळा-काळा धूर निघून जाऊ द्यायचा आणि कोळसा लालबुंद झाला की ती आत न्यायची, अशी रीत खाणकामगारांच्या वस्त्यांत दिसते. थंडीच्या रात्री तीच शेगडी उबेसाठी खोलीत ठेवली जाते. धूर गेला म्हणजे धोका गेला, हा त्यामागचा तर्क उलटा आहे. धूर हा कोळशातल्या उडून जाणाऱ्या पदार्थांचा असतो. ते गेल्यावर उरलेला निखारा राखेखाली अपुऱ्या हवेत जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. लाकडी कोळशाचे बार्बेक्यूही याला अपवाद नाही. पाऊस आला म्हणून गच्चीवरची पेटती शेगडी जिन्याच्या खोलीत ओढणे हा तोच प्रकार.

गॅसच्या बाबतीत लोक घाबरतात ते चुकीच्या गोष्टीला. उन्हाने सिलिंडरचा स्फोट होतो, असे मे महिन्यात ऐकू येते. सिलिंडर पूर्ण भरलेले नसते. द्रव प्रसरण पावेल म्हणून वर मोकळी जागा सोडलेली असते, आणि चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांच्या दुपारीही आतला दाब सिलिंडरच्या चाचणीच्या दाबापेक्षा बराच कमी राहतो. म्हणून ते उन्हात ठेवावे असे नाही. रबरी नळी आणि रेग्युलेटरचा वायसर उन्हाने कडक होतात, आणि गळती तिथूनच होते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे मोकळ्या अंगणातही तो नालीत, पायऱ्यांखाली, गच्चीच्या कठड्याच्या कोपऱ्यात साचू शकतो. घरगुती शेगडीची ज्योत वाऱ्याने विझली तरी वायू येतच राहतो. वाऱ्यासाठी आडोसा बर्नरला करावा. सिलिंडरला त्या आडोशात कोंडू नये. भामरागडसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते: पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो आणि सिलिंडर वेळेवर येत नाही. तिथे वाळक्या लाकडाचा साठा आणि एक चूल ही हौस ठरत नाही.

सूर्यचुलीबद्दल या भागात एक साहजिक गैरसमज आहे: एवढे ऊन असताना अन्न चटकन शिजलेच पाहिजे. सूर्यचुलीला हवेचे तापमान फारसे लागत नाही. लागतो तो थेट सूर्यप्रकाश. धुळीने पांढुरक्या झालेल्या मे महिन्यातल्या आकाशापेक्षा फेब्रुवारीची निळी दुपार कधी कधी बरी ठरते. चंद्रपूर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २० मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो; तेव्हा पेटीचा आरसा नीट वळवला नाही तर निम्मा फायदा जातो. पेटीच्या सूर्यचुलीत तापमान १०० ते १४० अंशांच्या घरात राहते. भात, वरण, उकडलेल्या शेंगा यांना ते पुरते, वेळ दोन-तीन तास. भाकरी त्यात होत नाही आणि फोडणीही नाही. त्यासाठी १.४ मीटर व्यासाची अन्वस्ताकार थाळी असते. तिच्यातून स्वच्छ उन्हात पाचशे-सहाशे वॅटच्या आसपास उष्णता भांड्याला मिळते आणि लिटरभर पाणी दहाएक मिनिटांत उकळते. पण ती दर पंधरा-वीस मिनिटांनी सूर्याकडे वळवावी लागते. शिवाय रिकामी, झाकण न घातलेली थाळी वाळक्या गवतावर किंवा कुडाच्या भिंतीवर किरण एकवटू शकते. जून ते सप्टेंबर हे साधन घरात पडून राहते. उरलेल्या महिन्यांत काच गारपिटीपासून आणि वानरांपासून जपावी लागते.

इंडक्शन गच्चीवर नेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: अर्थिंग, गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच आणि व्होल्टेज. शिवाय ॲल्युमिनियमचा गंज त्यावर तापतच नाही.

आता धातू आणि विटा. स्टील गंजत नाही आणि लोहचुंबक चिकटला नाही तर स्टील अस्सल, या दोन्ही समजुती दुकानदाराच्या सोयीच्या आहेत. २०२ प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, तरी निकेल कमी असल्याने पावसाळ्यात ते ठिपके धरते. ४३० प्रतीला चुंबक चिकटतो, तरी ते स्टेनलेसच आहे. बाहेर कायम राहणाऱ्या साधनासाठी ३०४ ही प्रत बिलावर लिहून घेणे हाच उपाय. बिडाचा तवा किंवा जाळी गंजते, पण तिला जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन तापवले की कडक थर धरतो. जवस विदर्भाच्या शेतातलेच आहे. तेल मात्र घाणीचे खायचे हवे. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात. कारखान्यातले जुने पिंप कापून बार्बेक्यू करण्याची युक्ती चंद्रपूरच्या औद्योगिक पट्ट्यात स्वस्तात पडते. त्यात आधी काय भरलेले होते हे कळत नाही, आणि पत्रा जस्ताच्या मुलाम्याचा असेल तर जाळात जस्ताचा धूर निघून थंडी-ताप भरतो.

औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटा चंद्रपूरला सहज मिळतात आणि भिंतीला त्या उत्तम असतात. जाळाशी मात्र त्यांचे जमत नाही, कारण त्यांना बांधून ठेवणारे सिमेंट चारशे-पाचशे अंशांना कमजोर होते. जाळाला लागणारा आतला थर भाजलेल्या लाल विटांचा आणि मातीच्या गाऱ्याचा असावा. गाऱ्यात शेण आणि धानाचे तूस मिसळले की तडे कमी जातात. नदीतून आणलेले गोटे चुलीला लावू नयेत, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. गच्चीच्या स्लॅबवर थेट जाळ केला तर काँक्रीटचे पापुद्रे उडतात. खाली वाळूचा थर आणि त्यावर विटा हव्यात.

अंगणात विस्तव असला की जनावर येत नाही, यावर विसंबून चालत नाही. बिबट्या येतो तो कुत्र्यांच्या मागे, आणि कुत्री येतात टाकलेल्या हाडांच्या मागे. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून गडचिरोलीत उतरलेल्या हत्तींना धान आणि मोहाचा वास दुरून कळतो. उरलेसुरले अन्न, मोहफुले आणि धान्य बाहेरच्या चुलीजवळ ठेवू नये. हंगाम वणव्याचा असेल, म्हणजे वनखात्याच्या हिशेबाने १५ फेब्रुवारी ते १५ जून, तर चुलीभोवतीचा पाचोळा झाडून घ्यावा. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, म्हणून राखड उकिरड्यावर किंवा कुंपणाला टाकण्याआधी पाणी ओतून हाताला गार लागेपर्यंत कालवावी. राखीव जंगलात विस्तव पेटवणे भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, मग तो विस्तव चहापुरता का असेना.