एका चिमुकल्या माशीचा हिशेब

उपवासाच्या दिवशी शेजारच्या घरातून आलेली साबुदाण्याची खिचडी तुम्ही कधीतरी खाल्ली असेल. हा साबुदाणा झाडाला लागत नाही. कसावा नावाच्या झुडपाची मुळे रताळ्यासारखी जाड होतात. ती किसून, त्यांतील स्टार्च वेगळा काढून त्याचे दाणे करतात. आपल्याला कसावा असा अधूनमधून भेटतो. आफ्रिकेत मात्र कोट्यवधी लोकांचे ते रोजचे अन्न आहे.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आफ्रिकेत तो शेकडो वर्षे सुखाने वाढला. पण १९७० नंतर थोड्याच वर्षांत काँगो नदीच्या खोऱ्यात त्यावर पिठ्या ढेकूण ही कीड दिसली. अंगावर पांढरी भुकटी असलेला हा कीटक कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतो. पाने आखडतात, मुळे पोसत नाहीत. काही शेतांत तर शंभरातील ऐंशी भाग पीक बुडाले. औषध फवारायला शेतकऱ्यांजवळ पैसा नव्हता. शिवाय कसाव्याची पाने ते भाजी म्हणून खात. त्यांवर विष कसे मारणार?

नायजेरियातील इबादान येथील संशोधन संस्थेत हान्स हेरेन हे स्विस कीटकशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनी विचार केला, की ही कीड जिथून आली तिथे तिचा शत्रूही असला पाहिजे. शोध सोपा नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात अशीच एक कीड सापडली. पण ती दुसऱ्याच जातीची निघाली. अखेर १९८१ मध्ये पॅराग्वे देशात खरी कीड सापडली आणि तिच्याबरोबर एक चिमुकली गांधीलमाशीही सापडली. या माशीची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते आणि अंड्यातून निघालेली अळी त्याला आतून खाते. त्याच वर्षी, नीट तपासणी करून, ती नायजेरियात सोडण्यात आली. नंतर अनेक देशांत ती पसरली आणि बहुतेक ठिकाणी कीड आटोक्यात आली. या कामासाठी हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता प्रश्न असा, की या संशोधनाचा फायदा किती, हे मोजायचे कसे? समजा, एका शेतात पूर्वी दहा टोपल्या कसावा निघत असे. कीड आल्यावर चारच निघाल्या. माशी आल्यावर नऊ निघाल्या. ‘पूर्वी दहा आणि आता नऊ, म्हणजे एका टोपलीचा तोटाच झाला,’ असे कोणी म्हणेल. हे चूक आहे. संशोधन झाले नसते तर काय उरले असते, ते पाहायचे असते. नवाची तुलना चाराशी करायची. फायदा पाच टोपल्यांचा! पण ‘झाले नसते तर’ ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तिचा अंदाजच करावा लागतो, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

खर्चाच्या बाजूलाही सावध राहावे लागते. पगार, प्रवास, प्रयोगशाळा हे तर आलेच. फसलेल्या शोधांचा खर्चही त्यातच धरावा लागतो. शिवाय खर्च आधी होतो, फायदा कित्येक वर्षांनी येतो. वीस वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा मोलाचा नसतो. म्हणून पुढच्या फायद्याची किंमत कमी करून धरतात.

१९८८ मध्ये रिचर्ड नॉरगार्ड या अर्थशास्त्रज्ञाने मुद्दाम हात आखडून असा हिशेब केला. तरीही एका डॉलरच्या खर्चामागे १४९ डॉलरचा फायदा निघाला. २००१ मध्ये दुसरा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात २७ देश आणि ४० वर्षे विचारात घेतली होती. कसाव्याला जागतिक बाजाराचा भाव लावला तर फायदा खर्चाच्या सुमारे २०० पट भरला. आफ्रिकेतील बाजाराचा भाव लावला तर त्याहूनही पुष्कळ जास्त. पीक तेच, माशी तीच, पण भाव बदलला की उत्तर बदलते. या दुसऱ्या हिशेबात स्वतः हेरेनही सहभागी होते. ज्याने काम केले त्यानेच मोजणी करावी का, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच कोणता भाव धरला आणि काय गृहीत धरले, हे अशा हिशेबात उघडपणे लिहावे लागते.

मग एवढा खटाटोप कशासाठी? ही माशी कोणी बाटलीत भरून विकू शकत नाही. एका शेतात सोडली की ती शेजारच्या शेतात आपोआप उडून जाते. त्यामुळे कोणताही व्यापारी अशा शोधावर पैसा घालणार नाही. तो सरकारांनी आणि संस्थांनी, म्हणजे शेवटी लोकांनीच घालावा लागतो. त्याच पैशांतून शाळा आणि दवाखानेही चालतात. तेव्हा लोकांना हिशेब मागण्याचा हक्क आहे.

२०२० मध्ये हाच पिठ्या ढेकूण केरळमध्ये आढळला आणि लवकरच तमिळनाडूत, साबुदाण्याच्या सेलम भागात पोहोचला. बंगळूरच्या संस्थेने २०२१ मध्ये आफ्रिकेतील बेनिन देशातून तीच माशी मागवली आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातील येथापूर येथे ती सोडण्यात आली. या वेळी जंगले धुंडाळावी लागली नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीचा शोध तयारच होता. नॉरगार्ड यांनी १९८८ मध्ये आकडेमोड केली, तेव्हा हा फायदा त्यांच्या वहीत नव्हता.