जमिनीत सोनं, बाहेर मोल
लेखमाला : सोनं आणि आपण (लेखांक 7)

मागच्या लेखात आपण गोल्ड ईटीएफ पाहिले. तिथे निदान सोनं तिजोरीत असतं. आज ज्या शेअरांबद्दल बोलायचं, त्यांतलं सोनं अजून खडकात आहे, आणि ते तिथे नक्की किती आहे याचाही फक्त अंदाज आहे.

अमिरातीत राहणाऱ्या माणसाला सोन्याची ओळख करून द्यायला नको. देइराच्या गोल्ड सूकमधला सकाळचा भाव अनेकांना तोंडपाठ असतो. पण इथे सोनं येतं, शुद्ध होतं, विकलं जातं. खाणीतून निघतं ते दुसरीकडे. शोधाच्या धंद्यात इथला पैसाही बाहेर जातो. उदाहरणार्थ, दुबईच्या थानी समूहाने 2009 मध्ये अँग्लोगोल्ड अशांतीशी भागीदारी केली आणि इजिप्तच्या वाळवंटात सोनं शोधायला घेतलं. अशा शोधकंपन्यांना बाजारात ‘ज्युनियर’ म्हणतात. त्यांच्याकडे परवाने असतात, भूवैज्ञानिक असतात, ड्रिलिंगचा खर्च असतो, उत्पन्न नसतं. त्यामुळे पी-ई गुणोत्तर काढायला बसलात तर भागायलाच काही मिळत नाही.

मग किंमत लावायची कशी? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हिशोब सोपा असतो. समजा, एका कंपनीकडे 10 लाख औंस सोनं आहे. भाव औंसाला 3,000 डॉलर धरला, तर सोनं झालं 300 कोटी डॉलरचं. कंपनीचं बाजारमूल्य आहे 3 कोटी डॉलर. म्हणजे शेअर शंभरपट स्वस्त! पाण्यात म्हैस, बाहेर मोल, ही म्हण याच हिशोबासाठी असावी.

आता कागद-पेन्सिल घ्या. आकडे कल्पित आहेत, पद्धत खरी आहे. खडक दळून, सायनाइडच्या द्रावणात घालून सोनं काढताना सगळं हाती लागत नाही. 90 टक्के धरू, म्हणजे 9 लाख औंस. दहा वर्षं, दरवर्षी 90 हजार. एक औंस काढायला सगळा खर्च धरून 1,800 डॉलर लागले, तर हाती उरतात 1,200. वर्षाचे झाले 10.8 कोटी. रॉयल्टी आणि कर मिळून 30 टक्के गेले की उरले साधारण साडेसात कोटी. दहा वर्षांच्या या कमाईची, 10 टक्के व्याजदराने, खाण सुरू होण्याच्या दिवशीची किंमत होते सुमारे 46.5 कोटी. त्यातून खाण आणि कारखाना उभारायचे 25 कोटी वजा करा : 21.5 कोटी. पण खाण सुरू व्हायला अजून आठ वर्षं आहेत, म्हणून ही रक्कम आजच्या पैशात साधारण 10 कोटी. आणि शोधाच्या पहिल्या टप्प्यातला साठा खाणीपर्यंत पोचण्याची शक्यता दहात एक धरली (मी हे उदारपणे धरतो आहे), तर हाती राहतो 1 कोटी. बाजार मागतो आहे 3 कोटी. शंभरपट स्वस्त वाटणारा शेअर तिप्पट महाग निघाला.

याच गणितात सोन्याचा भाव 10 टक्के वाढवून पाहा. खर्च तितकाच राहतो, त्यामुळे किंमत जवळजवळ दीडपट होते. भाव 10 टक्के उतरवा, ती निम्म्याहून खाली येते. सोनं चढलं की ज्युनियर शेअर उसळतात आणि उतरलं की कोसळतात, त्यामागे हेच आहे. हा सट्टा आहे असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं की सट्ट्याला गणित आहे.

गणितात सगळ्यात मोठी पाचर मारते ती शक्यता. ‘10 लाख औंस’ या आकड्याआधी कोणता शब्द आहे ते बघा. ‘इन्फर्ड’ म्हणजे थोड्याच, दूरदूरच्या ड्रिल होलवरून बांधलेला अंदाज. ‘इंडिकेटेड’ आणि ‘मेझर्ड’ त्याहून भरवशाचे. आणि ‘रिझर्व्ह’ म्हणजे खर्च-नफ्याचा हिशोब करून काढता येईल असं ठरलेलं. या शब्दांमागे जखमा आहेत. कॅनडाच्या ब्री-एक्स कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांग इथे अफाट साठा सापडल्याचा डांगोरा पिटला, तिचं बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात गेलं, आणि 1997 मध्ये उघड झालं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. त्यानंतर 2001 मध्ये कॅनडात ‘एनआय 43-101’ हा नियम आला : साठ्याचा आकडा द्यायचा तर पात्र तज्ज्ञाने नावानिशी जबाबदारी घ्यायची.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे डेक्कन गोल्ड माइन्स, मुंबई शेअर बाजारात नोंदलेली सोनं शोधणारी कंपनी. तिची एक उपकंपनी दुबईतही आहे, त्यामुळे इथल्या मंडळींना ती जरा जास्तच जवळची वाटते. या कंपनीचा इतिहास वाचला की कळतं, भारतात खडकापेक्षा कागद कठीण. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या गणजूर इथे तिने पूर्वेक्षण केलं, खाणपट्ट्यासाठी अर्ज केला. 2015 मध्ये कायदा बदलून खाणपट्टे लिलावाने देण्याचं ठरलं. जुन्या परवानाधारकांसाठी एक कलम राखलं होतं; 2021 च्या दुरुस्तीने त्याखालची प्रलंबित प्रकरणंही निकालात निघाली. भरपाई म्हणून ठेवली ती शोधाच्या खर्चाची परतफेड. सापडलेल्या सोन्याचा मोबदला त्यात नाही. वरच्या गणितात ‘दहात एक’ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर गणजूर होतं.

दुसरी बाजू जोन्नागिरीची. आंध्रातल्या कर्नूल जिल्ह्यातलं हे गाव. पाऊस पडला की या भागात लोक शेतात हिरे वेचायला निघतात. इथला खाणपट्टा 2013 चा, जिओमायसोर कंपनीच्या नावावर. डेक्कन गोल्डने स्वतःचे नवे शेअर देऊन तिचा सुमारे 40 टक्के हिस्सा घेतला. 2023 मध्ये व्यवस्थापकीय संचालक हनुमा प्रसाद यांनी सांगितलं होतं की 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्ण उत्पादन सुरू होईल आणि वर्षाला सुमारे 750 किलो सोनं निघेल. बातम्यांत 750 गाजला. पण भागधारकाच्या वाट्याला 40 टक्के, म्हणजे 300 किलो. तेही वाढलेल्या शेअरसंख्येत वाटून. आणि तारीख? ती टळली.

मला यात फसवणूक दिसत नाही. या धंद्यात तारखा टळतातच. मात्र प्रत्येक टळलेल्या वर्षागणिक वरच्या हिशोबातलं 10 टक्के व्याज चढतं, आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबत नाहीत. उत्पन्न नसलेली कंपनी हे पैसे नवे शेअर काढूनच आणते, आणि आपला हिस्सा पातळ होत जातो. म्हणून अशा कंपनीचा ताळेबंद हाती आला की मी आधी बँकेतली शिल्लक बघतो, तिला तिमाही खर्चाने भागतो. चारपेक्षा कमी तिमाही निघाल्या, तर राइट्स इश्यू फार लांब नाही असं समजावं.

कराचं एवढंच : अमिरातीत आपल्या पगारावर कर नाही, म्हणून भारतीय शेअरच्या नफ्यावरही नाही, हा समज सोडा. दोन देशांच्या करारानुसार भारतीय कंपनीच्या शेअरवरचा भांडवली नफा भारतात करपात्र आहे. 23 जुलै 2024 पासून वर्षाच्या आत विकल्यास 20 टक्के, त्यानंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. अनिवासी भारतीयांच्या बाबतीत हा कर विक्रीच्या वेळीच कापला जातो.

पुढच्या आठवड्यात : ड्रिलिंगचे निकाल कसे वाचायचे, आणि ‘2 मीटरमध्ये टनाला 40 ग्रॅम’ या मथळ्यात काय लपलेलं असतं.