प्लगइनचे बिऱ्हाड

नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याच वर्षी फोटोशॉपची पाचवी आवृत्ती आली आणि चित्र करताना एकाहून अधिक पावले मागे जाण्याची सोय झाली. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण जिल्ह्याच्या वयाइतक्या काळात शहादा-नवापूरकडे संगणकावर चित्र आणि फ्लेक्स करणाऱ्यांना एक प्रश्न पुन:पुन्हा भेटला: जमवलेली हत्यारे, म्हणजे प्लगइन, ठेवायची कुठे?

प्लगइन फोटोशॉपइतकेच जुने. १९९० मध्ये पहिली आवृत्ती आली, तेव्हाच जॉन नोल यांनी लिहिलेले फिल्टर मूळ प्रोग्रॅमला बाहेरून जोडता येत होते. १९९२ मध्ये काई क्राउस यांचे ‘काईज पॉवर टूल्स’ आले आणि इतरांनी केलेल्या फिल्टरांचा बाजार उभा राहिला. ‘८बीएफ’ शेपटीची फाइल प्लग-इन्स फोल्डरमध्ये टाकायची, प्रोग्रॅम बंद करून उघडायचा, की मेनूत नवे नाव दिसे.

आपल्याकडे खरा मुक्काम केला तो २००२ च्या फोटोशॉप ७ ने. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘अॅडिशनल प्लग-इन्स फोल्डर’ अशी एक चौकट होती. तिच्यावर टिचकी मारून डी ड्राइव्हवरचा स्वत:चा फोल्डर दाखवता येई. प्रोग्रॅम सुरू होताना कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरले तरी हा फोल्डर कोणता ते विचारले जाई. एखादा फिल्टर त्रास देऊ लागला तर त्याच्या फोल्डरच्या नावाआधी ‘~’ हे चिन्ह लावायचे, फोटोशॉप त्याच्याकडे बघतही नसे. ही युक्ती फार थोड्यांना ठाऊक होती. बाकीचे लोक सगळेच काढून पुन्हा टाकत.

या चौकटीचे मोल कळे ते संगणक बिघडल्यावर. व्हायरस शिरला की दुरुस्तीवाला सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून देई. सी गेला की प्रोग्रॅमच्या पोटातले फिल्टरही जात, डीवरचे वाचत. अर्थात ज्यांची नोंद विंडोजमध्ये असे, ते फिल्टर डीवर असूनही नव्याने इन्स्टॉल करावे लागत.

पुढे वारा फिरला. २००८ च्या सीएस४ पासून विंडोजवर ६४-बिट फोटोशॉप आले आणि जुने ३२-बिट फिल्टर त्यात दिसेनासे झाले. भाड्याने मिळणाऱ्या क्रिएटिव्ह क्लाउडच्या काळात ती चौकटही गेली. प्लगइन ठरवून दिलेल्या जागीच ठेवायचे. मला ही वापरणाऱ्याची गळचेपी वाटते. महिन्याचे भाडे घ्यायचे आणि वर सामान कुठे ठेवायचे तेही सांगायचे!

फुकट मिळणारे प्रोग्रॅम याबाबतीत उदार निघाले. गिंपमध्ये प्लगइनसाठी एकाहून अधिक फोल्डर नोंदवता येतात. मात्र मार्च २०२५ च्या ३.० पासून प्रत्येक प्लगइनला त्याच्याच नावाचा वेगळा फोल्डर लागतो, आणि पायथन २ या संगणकीय भाषेतले जुने प्लगइन चालत नाहीत. क्रिटा तर चित्रकारांसाठीच घडवलेला. २०१८ च्या ४.० मध्ये त्यात पायथन आले. प्लगइन ‘पायक्रिटा’ फोल्डरमध्ये जातो, मग सेटिंग्जमध्ये त्यावर खूण करून क्रिटा पुन्हा उघडावा लागतो. ही खूण न करताच ‘चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ. डिसेंबर २०२१ च्या ५.० पासून ब्रश आणि पोत ज्या रिसोर्स फोल्डरमध्ये राहतात, त्याची जागाही बदलता येते.

काठी गावच्या होळीत नाचणाऱ्यांच्या अंगावर राखेचे ठिपके असतात, डोक्यावर मोरपिसांचे टोप. त्या ठिपक्यांचा ब्रश कोणत्याही कंपनीच्या डब्यात तयार मिळत नाही. तो अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या एखाद्या पोराने स्वत: केला, तर सी ड्राइव्हबरोबर तो पुसला जाऊ नये. तेव्हा संगणक दुरुस्तीला देण्याआधी डीवर एक फोल्डर करा, प्लगइन आणि ब्रश त्यात उतरवून ठेवा, आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन घरी न्या.