लेखांक सहावा : पान तेच, मांडणी वेगळी

जुने महसुली दस्तऐवज स्कॅन करून ऑनलाइन उपलब्ध करण्याचा जो ई-अभिलेख प्रकल्प महाराष्ट्र शासनाने हाती घेतला, त्यात जळगाव व धुळे या जिल्ह्यांचा समावेश आहे. त्यामुळे जळगावच्या बोदवड तालुक्यातील एखाद्या जुन्या फेरफाराचे पानही आता ठिपक्यांचे चित्र, म्हणजे बिटमॅप, या रूपात हाताळावे लागते. असे चित्र एका फाइल-प्रकारातून दुसऱ्यात नेताना काय बदलते, हा या लेखांकाचा विषय आहे.

ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केल्यास एका आडव्या ओळीत २४८० ठिपके येतात आणि नुसता काळा-पांढरा भेद नोंदवायचा असेल, तर ठिपक्याला एक बिट याप्रमाणे ओळीला ३१० बाइट लागतात. १९८०च्या दशकात पीसी पेंटब्रशबरोबर रूढ झालेल्या पीसीएक्स प्रकारात ओळीतील बाइटांची संख्या सम असली की भागते. विंडोजच्या बीएमपीत ती चारच्या पटीत लागते, म्हणून दोन रिकामे बाइट घालून ३१२ केली जाते. परतीच्या रूपांतरात ही भरती काढायची राहिली, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून १६ ठिपके सरकते आणि गट नंबरापासून खातेदाराच्या नावापर्यंत सारा मजकूर तिरपा होतो. बीएमपीतील रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल असा असतो. तो लक्षात न घेतल्यास जुना पिवळट कागद निळसर दिसतो. असे दोष पाहताक्षणी कळतात, म्हणून ते फारसे घातक नव्हेत.

घातक ठरते ते करड्या छटांचे काळ्या-पांढऱ्यात रूपांतर. त्यात ० ते २५५ या छटांमध्ये एक सीमा, समजा १२८, धरून तिच्याखालचा ठिपका काळा व वरचा पांढरा केला जातो. हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो. त्याची शाई फिकी पडून छटा १४० झाली असेल, तर कंस पुसला जातो, नाव मात्र ठळक राहते आणि हक्क संपलेली व्यक्ती कागदोपत्री पुन्हा खातेदार दिसू लागते. पुढे ती फाइल कोणत्याही प्रकारात नेली तरी कंस परत येत नाही.

दहा प्रकारांमध्ये थेट अदलाबदल करायची, तर ९० रूपांतरक लिहावे लागतात. मध्ये एक समान प्रकार ठेवला की २० पुरतात. जेफ पॉस्कँझर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला पीबीएमप्लस हा संच याच युक्तीवर उभा आहे. त्याच्या मधल्या प्रकारांपैकी पीबीएम फक्त काळा-पांढरा भेद ठेवतो, पीजीएम करड्या छटा आणि पीपीएम रंग. वरील पान पीबीएमात सुमारे १०.९ लाख बाइटांत मावते, पीजीएमात सुमारे ८७ लाख बाइट घेते. हस्तलिखित नोंदींच्या बाबतीत ही आठपट जागा द्यावीच, छापील नमुन्यांच्या बाबतीत एरवी पीबीएम पुरेसा होतो.