दोन गावं की एकच गाव?

आज एका छोट्या फ्रेंच गावाबद्दल बोलणार आहे. विषय शेतीचा वाटेल, पण प्रश्न आपलाच आहे, तत्त्वज्ञानाचा.

झाँ फुरास्तिए हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ. १९७९ साली आलेल्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते दोन गावांची तुलना करतात. पहिलं मादेर. वस्ती ५३४. काम करणारे २७९, त्यांतले २०८ शेतीत. ट्रॅक्टर अख्ख्या गावात दोन. दुसरं सेसाक. वस्ती ६७०, काम करणारे २१५, पण शेतीत फक्त ५३. आणि ट्रॅक्टर ४०!

आपल्याला वाटतं, एक गाव मागासलेल्या देशातलं, दुसरं पुढारलेल्या. मग फुरास्तिए सांगतात की ही दोन्ही नावं बनावट आहेत. गाव एकच, नैर्ऋत्य फ्रान्समधलं दुएल. पहिलं चित्र १९४६ चं, दुसरं १९७५ चं. मध्ये गेली एकोणतीस वर्षं.

आता विचार करा. एकच गाव, ते कशावरून? माणसांचे धंदे बदलले, अवजारं बदलली. द्राक्षमळे तर होतेच ना, असं कुणी म्हणेल. पण फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत त्या काऑर परिसरातल्या बहुतेक वेली मेल्या. लोकांनी नव्यानं लागवड केली, आणि १९७१ मध्ये तिथल्या वाइनला तिच्या मूळस्थानाचा अधिकृत दर्जा मिळाला. म्हणजे वेलीही त्या नव्हेत. उरली लॉट नदी आणि चुनखडीच्या टेकड्या. पण नदी म्हणजे काही गाव नव्हे.

थीसिअसच्या जहाजाचं कोडं तुम्हाला आठवत असेल. एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? इथे एक फरक आहे. फळीला आठवण नसते, माणसाला असते. १९४६ साली जो पंचवीस वर्षांचा होता, तो १९७५ साली चौपन्नचा. दोन्ही गावं तो जगलाय. माझ्या मते गावाचं ‘तेच’पण अशा माणसांत असतं.

२०८ चे ५३ झाले, म्हणून आपण हळहळतो. पण जरा जपून हं! हळहळणाऱ्या आपल्यासारख्यांनी बहुधा नांगर धरलेला नसतो. मी तर नाहीच धरला. ज्यांनी धरला, त्यांना काय गेलं आणि काय सुटलं, हे दोन्ही सांगता येतं. ती माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्यायला हवं. नंतर खरोखरच दोन गावं उरतील.